एका दावणीचे दोन न्याय

पहाटे ४:३०

आमच्याकडं शेतातल्या गोठ्याला आखाडा म्हणतात. कुस्तीचा नव्हे, जनावरांचा. आमच्याच कळमनुरी तालुक्यातल्या बाळापूरच्या नावाआधी हा शब्द कायमचा चिकटलाय. डोंगरकडा हे आमचं गाव. घर गावात आणि आखाडा केळीच्या बागेला लागून. मधली पायवाट मार्गशीर्षात दवानं इतकी ओली असते की आखाड्यावर पोचेपर्यंत पायजमा गुडघ्यापर्यंत भिजतो. नांदेड-हिंगोली रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालू असतात. त्या घरघरीतही चांदीचा आवाज वेगळा ओळखू येतो. घसा बसलाय तिचा, तरी ओरडते आहे.

दूध तोडल्याला आज चौथा दिवस.

दावणीला चार वासरं आहेत. तांबड्या, सहा महिन्यांचा लाल कंधारी गोऱ्हा, कपिलीचा. लाली, पाच महिन्यांची कालवड, तीही लाल कंधारी, पण गंगीची. आणि श्रावणात व्यायलेल्या जर्सीची जुळी: एक चांदी, आणि एक तिचा भाऊ. चार महिने झाले तरी त्याला कुणी नाव ठेवलेलं नाही. ‘चांदीचा भाऊ’ एवढ्यावर त्याचं भागतं.

सकाळी ५:१५

धारेची वेळ. जर्सीला वासरू लागत नाही. कास धुतली, दोन मिनिटं चोळली, की ती पान्हा सोडते. म्हणून तिच्या वासरांचं दूध तोडणं सोपं. त्यांना पहिल्या आठवड्यापासून बादलीनंच पाजलंय. गंगीचं तसं नाही. लाली समोर दिसली नाही तर ती दूध चढवून धरते. चारा टाका, पाठ खाजवा, गाणं म्हणा, चारही सड कोरडे. लालीनं दोन ढुसण्या दिल्या, तोंडाला फेस आला, की मग कास भरते. देशी गाईची ही रीतच आहे. त्यामुळं तिच्या वासराचं दूध एकदम तोडलं तर गाय आटते आणि वासरासोबत घरही उपाशी राहतं. इथं तोडायचं म्हणजे हळूहळू कमी करायचं. आधी एक सड वासराला ठेवायचा, मग अर्धा, मग नुसता पान्हा सोडण्यापुरता लावायचं आणि ओढून आईच्या तोंडासमोर बांधायचं. गाय त्याला चाटत राहते, आपण पिळत राहतो.

लाली सध्या अर्ध्या सडावर आहे. तांबड्या मात्र सहा महिन्यांचा होऊनही दोन सडांवर. कारण आबा.

“बैल दुधावर होतो, ढेपेवर नाही,” हे आबांचं वाक्य मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकतोय. लाल कंधारी म्हणजे मूळ कंधार-लोह्याकडची जात, आमच्या भागातही रुळलेली. गाय दिवसाला तीन-चार लिटरच्या वर फारशी जात नाही. तिची किंमत तिच्या पोटच्या गोऱ्ह्यात. तांबडा रंग, भरलेलं वशिंड, बाहेर झुकून वर वळलेली शिंगं, उन्हात न मोडणारी चाल. खंडोबाच्या माळेगावला यात्रेत चांगली जोडी उभी राहिली की माणसं तिच्याभोवतीनं तीनदा फिरतात. आबांनी तांबड्याला मनातल्या मनात आत्ताच माळेगावला नेऊन उभं केलंय. म्हणून देशी वासरांत गोऱ्ह्याला दोन सड आणि कालवडीला अर्धा.

जर्सीच्या जुळ्यांत न्याय नेमका उलटा, आणि तो माझा. कालवड उद्याची दुधाची गाय. गोऱ्ह्याचं करायचं काय? वशिंड नाही, त्यामुळं जू टिकत नाही. दुपारच्या उन्हात जीभ बाहेर काढून उभा राहतो. २०१५पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळं व्यापारी त्याच्याकडं बघतही नाही. अशी कितीतरी गोऱ्ही रात्रीतून रस्त्यावर सोडली जातात. सकाळी फाट्यावर उभी दिसतात, कान पाडून. आम्ही सोडलं नाही एवढंच. चांदीला रोज तीन लिटर दूध घातलं, भावाला दीड. तेही चांदीनं बादली सोडल्यावर, तळाचं.

सकाळी ७:००

बायको दूध घेऊन डेअरीवर गेली. आम्ही शेणघाण काढून, गव्हाणी झाडून खुराकाला लागलो. खुराकाचं गणित मी भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय: शंभर किलोत मक्याचा भरडा ५०, सरकीची ढेप ३०, गव्हाचा कोंडा १७, खनिज मिश्रण २, मीठ १. युरिया घातलेलं तयार पशुखाद्य मोठ्या जनावरांना चालतं, सहा महिन्यांच्या आतल्या वासराला नाही.

वासराचं दूध कधी तोडायचं, याचं उत्तर पंचांगात नसतं, गव्हाणीत असतं. जन्मतः वासराचं मोठं पोट, म्हणजे आपण ज्याला कोठा म्हणतो ते, रिकाम्या पिशवीसारखं असतं. दूध त्याला वळसा घालून थेट पुढच्या कप्प्यात उतरतं. कोठा जागा होतो तो कोरड्या दाण्यानं. दाणा आत कुजतो-आंबतो, त्यातून कोठ्याच्या आतल्या भिंतीला बारीक बोटांसारखे उंचवटे फुटतात आणि मग वासरू खऱ्या अर्थानं रवंथ करायला लागतं. सलग तीन दिवस रोज किलोभर खुराक संपवला, की दूध तोडायला हरकत नाही. तीन महिन्यांचं असो वा चार.

गंमत इथं आहे. चांदीचा भाऊ हा किलोभर खुराक तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीलाच संपवायला लागला होता. पोट दुधानं भरत नव्हतं, मग त्यानं गव्हाण धरली. चांदी तीन लिटर पिऊन पाय दुमडून बसायची. कालपर्यंत ती खुराकाला नुसतं नाक लावून मागं यायची. चार दिवसांपूर्वी मी दोघांचंही दूध एकदम बंद केलं. भाऊ एक रात्र ओरडला आणि खायला लागला. चांदी अजून ओरडतेय.

“तिला भूक नाही लागली बापू,” माय म्हणाली, “सवय लागलीय.”

सकाळी ९:००

टेप घेऊन वजनं. काटा आमच्याकडं नाही; शिंप्याची टेप आहे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात, खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचात. घेराला घेरानं गुणायचं, त्याला लांबीनं गुणायचं, आलेल्याला ६६०नं भागायचं. उत्तर किलोत. दोन-चार किलो इकडंतिकडं होतं, पण दर आठवड्याला त्याच माणसानं, त्याच टेपनं, उपाशीपोटी मोजलं तर वाढ लपत नाही.

चांदी: घेर ३५, लांबी ३२. गेल्या सोमवारी घेर साडेपस्तीस होता. म्हणजे एकसष्टवरून एकोणसाठवर उतरली.
भाऊ: घेर ३५, लांबी ३१. साडेसत्तावन्न. गेल्या सोमवारी जेवढा होता तेवढाच.

मी दोनदा मोजलं. चार महिने निम्म्या दुधावर काढलेला गोऱ्हा बहिणीच्या दीड-दोन किलोच मागं होता. दुधाचा हिशोब केला तर चांदीनं त्याच्यापेक्षा रोज दीड लिटर जास्त प्यायलं होतं. तेवढं दूध डेअरीत गेलं असतं तर खुराकाची चार पोती आली असती.

वही बंद केली. आबांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी पहिलं वाक्य स्वतःच्या बाजूनं काढलं असतं.

सकाळी ११:००

डॉक्टर आले. कालवडींना सांसर्गिक गर्भपाताची लस द्यायची होती. ही लस फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच. गोऱ्ह्यांना देत नाहीत. लाळ-खुरकुताची मात्र सगळ्यांना. २०१९च्या सप्टेंबरात केंद्रानं या दोन रोगांसाठी देशभर मोहीम सुरू केली, तेव्हापासून दावणीला लस टोचणं हा आमच्याकडं सणासारखा ठरलेला प्रकार झालाय. गर्भपाताची लस जिवंत जंतूंची असते. डॉक्टरांनी हातमोजे घातले, तोंडाला पट्टी लावली, मला मागं सरकायला लावलं. लाली उडाली, टोचून झालं.

मग चांदी. डॉक्टर तिच्या मागं बसले आणि सिरिंज भरायचे थांबले.

“दादा, ही जुळ्यातली का?”

“हो. तो समोरचा तिचा भाऊ.”

त्यांनी सिरिंज बाजूला ठेवली. शेपटी वर धरून मला दाखवलं: योनीच्या खालच्या टोकाला केसांचा लांबट झुबका होता. रोज धुवून पुसूनही माझ्या लक्षात आला नव्हता. मग पेटीतून बोटाएवढी जाड, गुळगुळीत, गोल टोकाची नळी काढली, तिला जेल लावलं आणि अलगद आत सरकवली. या वयाच्या कालवडीत ती पाच-सहा इंच सहज जायला हवी. चांदीत ती अडीच इंचांवर अडली. त्यांनी कोन बदलून पुन्हा पाहिलं. पुन्हा तिथंच.

नळी पुसत ते म्हणाले, की गाईच्या पोटात एक नर आणि एक मादी असं जुळं वाढलं, की बहुतेक वेळा दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात. दोघांचं रक्त एकमेकांत फिरतं. भावाच्या शरीरातली द्रव्यं बहिणीच्या शरीरात जातात आणि तिचं गर्भाशय घडतानाच खुंटतं. शंभरातल्या नव्वदाहून जास्त अशा बहिणी कधीच गाभण राहत नाहीत. भावाचं सहसा काही बिघडत नाही. याला फ्रीमार्टिन म्हणतात. रक्ताची तपासणी केली तर पक्कं कळेल, पण नळी इथं अडल्यावर आशा धरू नका.

“मग लस?”

“गर्भच राहणार नसेल तर गर्भपाताची लस कशाला?”

माय खांबाला टेकून उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला, आणि मला वाटलं ती रडतेय. ती हसत होती.

डॉक्टरांनी मग चौघांचे कान पाहिले. तांबड्या आणि लालीच्या कानात पिवळा टॅग होता, जुळ्यांच्या नव्हता. १ जून २०२४पासून टॅगशिवाय जनावर बाजारात विकता येत नाही, हे मला माहीत होतं. पण या दोघांना विकायचं कुठं होतं? एकीला ठेवायचं होतं म्हणून, आणि दुसऱ्याला कुणी घेणार नाही म्हणून. डॉक्टरांनी दोघांच्या कानात बारा आकडी नंबर ठोकला. जाताना म्हणाले, पुढच्या माजाला जर्सीला लिंगनिश्चित रेत भरू. शंभरात नव्वद कालवडी होतात. आबा म्हणाले, “आणि लाल कंधारीसाठी गोऱ्हे देणारं निघालं का?” डॉक्टर गाडीला किक मारत म्हणाले, “काका, ते तुम्ही माळेगावच्या खंडोबाला विचारा.”

दुपारी १:००

ऊन तापलं. वासरं लिंबाखाली मोकळी सोडली. ही दोन तासांची सुट्टी मी कधी चुकवत नाही. दावणीला बांधलेल्या जनावरापेक्षा मोकळं सोडलेलं जनावर जास्त बोलतं.

तांबड्यानं आल्या आल्या लालीच्या पाठीवर पुढचे पाय टाकले. या वयात हा खेळ असतो. गोऱ्हा कालवडीवर चढतो, कालवड गोऱ्ह्यावर चढते, कालवडी एकमेकींवर चढतात. पण खेळाला मुदत असते. संकरित गोऱ्हा नऊ-दहा महिन्यांत खरोखरीचा वळू होऊ शकतो, आणि संकरित कालवड वर्षाच्या आसपास माजावर येते. तेव्हा तिचं वजन पावणेदोनशे-दोनशे किलो असतं. भरवायला निदान अडीचशे हवं. गोठ्यातल्याच गोऱ्ह्यानं अवेळी गाभण केली तर वाढ खुंटते, व्यायला अडते, कधी वासरू ओढून काढावं लागतं, कधी दोन्ही जातात. शिवाय एका रक्ताची जनावरं. देशी वासरं उशिरा वयात येतात, म्हणून जुन्या लोकांना घाई नव्हती. तीच सैल शिस्त संकरित वासरांना लावली की घोळ होतो.

तरी सहा-आठ महिन्यांपर्यंत गोऱ्हे-कालवडी एकत्र ठेवण्यात तोटा नाही, फायदाच आहे. एकटं वासरू दूध तोडल्यावर खात नाही. कळपातलं दुसऱ्याचं बघून खातं. आज बाराच्या सुमारास चांदीनं पहिल्यांदा गव्हाणीत तोंड बुडवलं, ते भाऊ शेजारी कचाकचा चावत होता म्हणून.

दुपारी ३:००

उसाचे वाढे आले. कारखान्याच्या हंगामात आमच्या भागात हाच स्वस्त चारा. मोळ्याच्या मोळ्या सायकलीवरून जातात. पण वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते हाडांचा चुना ओढून घेतं. म्हणून कुट्टी करून चुन्याची निवळी शिंपडायची, आणि वासरांना मुठीपुरतंच. त्यांच्यासाठी लसूणघास आणि कडब्याची कुट्टी.

कुट्टी टाकताना एक गोष्ट नेमकी डोळ्यासमोर घडली. चांदी लालीच्या मागच्या पायांत तोंड घालून तिचे इवलेसे सड चोखत होती. दूध तुटलेल्या वासराचा हा सगळ्यात वाईट नाद. चोखण्यानं कालवडीचा सड जायबंदी होतो. चारातला एक कायमचा बाद, आणि ते कळतं ती व्यायल्यावर. गोऱ्हे असले की ते एकमेकांची बेंबी चोखतात, मूत पितात, पोटात केसांचे गोळे होतात. यावर उपाय म्हणून टोकदार खिळ्यांचं मुसकं मिळतं. ते घातलेलं वासरू ज्याला चोखायला जाईल त्याला टोचतं आणि ते लाथ मारतं. माझ्याकडं एक होतं, खुंटीला. काढलं, चांदीच्या तोंडाला लावून पाहिलं आणि परत टांगलं. त्याऐवजी तिच्यासमोर मापटंभर खुराक आणि कोमट पाणी ठेवलं. तोंडाला काम मिळालं की निम्मा नाद जातो. दोन दिवस पाहू. नाही गेला तर मुसकं आहेच.

आजवर ज्या वासराच्या कासेची मी सगळ्यात जास्त काळजी केली, तिला कास येणारच नाही. आणि ती जिचे सड चोखत होती, त्या अर्ध्या सडावरच्या लालीच्या कासेवर या आखाड्याचं पुढचं सगळं उभं आहे.

सायंकाळी ५:००

आबा आणि मी मिळून आखाड्याच्या मधोमध बल्ल्या रोवल्या. एका बाजूला गाई, एका बाजूला वासरं. बल्ल्यांत वीतभर फट ठेवली, नाक जाईल एवढी, कास येणार नाही एवढी. डॉक्टरांनीच सांगितलं होतं: कॅलिफोर्नियात मांसाच्या गाईंवर अभ्यास झाला, २००३ साली छापून आला, कुंपणाआडून आई दिसत राहिलेली वासरं, पार दूर नेलेल्या वासरांपेक्षा कमी ओरडली आणि त्यांचं वजनही जास्त वाढलं. मायला हे सांगितलं तर ती म्हणाली, “त्यासाठी कॅलिफोर्नियाला काहून जावं लागलं?” पण तिचीही पद्धत वेगळीच होती; ती वासरू पाहुण्यांच्या गावाला पाठवायची.

बल्ल्या रोवून झाल्यावर मी आबांना म्हणालो, तांबड्याला आजपासून एकच सड, आणि पंधरा दिवसांनी तोही नाही. कपिली पुन्हा गाभण आहे. पोटातल्या वासराचंही बघायला हवं.

आबांनी पहार जमिनीत ठोकली. “बैल दुधावर होतो.”

मी सकाळची वही काढली. जुळ्यांचे आकडे वाचून दाखवले: तीन लिटरवाली एकोणसाठ, दीड लिटरवाला साडेसत्तावन्न. आबांनी भावाकडं पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाले, “खांदा नाही त्याला. पण छाती आहे.” एवढंच. आबांच्या तोंडून जर्सीच्या गोऱ्ह्याबद्दल निघालेलं हे पहिलं बरं वाक्य.

सायंकाळी ६:३०

धार. लालीला आज मी पूर्ण एक सड ठेवला. गंगीनं पान्हा लवकर सोडला. डेअरीच्या पुस्तकात अर्धा लिटर कमी लागेल, बायकोनं विचारलं, मी कारण सांगितलं, तिनं डोक्यावरचा पदर सारखा करत म्हटलं, “हे पाच महिन्यांआधी कळलं असतं तर?” उत्तर नव्हतं. कपिलीच्या दोन सडांपैकी एक पिळला. तांबड्या दाव्याला हिसके देत राहिला. उद्यापासून आखाड्यात दुसरा आवाज सुरू होणार.

रात्री ९:००

लिंबाच्या पाल्याचा धूर केला. २०२२च्या लम्पीनंतर डास-माश्यांच्या बाबतीत कुणी हयगय करत नाही. वासरांखाली कोरडं भुस्कट पसरलं. चांदी बल्ल्यांजवळ बसलीय. पलीकडून जर्सीनं फटीतून नाक घातलंय. दोघीही गप्प आहेत.

चांदीचं काय करायचं, हे ठरलेलं नाही. ती खाईल, शेण देईल, हळदीला खत होईल. घरात आणखी कितीतरी जण एवढंच करतात, असं माय म्हणते.

वहीत मी आजवर दोन रकाने आखत होतो: गोऱ्हे आणि कालवडी. खुराक कुणाला किती, हे त्या रकान्यांवरून ठरायचं. आज नवं पान घेतलं आणि वजनानुसार ओळी लावल्या. सहा महिन्यांपर्यंत ज्याचं जेवढं वजन तेवढं त्याचं माप. पुढं वाटा वेगळ्या होतील तेव्हा होतील. सगळ्यात वर तांबड्या. मग लाली. मग चांदी. चौथी ओळ लिहायला गेलो आणि पेन थांबलं. उठून बॅटरी घेतली, त्याच्या कानाशी धरली आणि टॅगवरचे शेवटचे चार आकडे वहीत उतरवून घेतले.